शोरूममध्ये सेल्समनशी कसं बोलावं? खान्देशातून गाडी घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापसाचे पैसे हातात आले, रावेर-यावलकडे केळीचा माल निघाला की जळगाव-धुळ्याच्या शोरूमांत गर्दी होते. मग फोन येतात, 'तुला गाड्यांतलं कळतं, जरा चल ना सोबत.' खरं तर गाड्यांतलं फार कळावं लागत नाही. टेबलापलीकडून सरकवलेल्या कागदावरचा हिशोब कळला की पुष्कळ झालं. सोबत जाता-येता लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण पैसे तिथेच जातात.

सेल्समन खोटंच बोलणार, असं धरून चालायचं का?

नाही. ही बहुतेक मुलं आपल्याच गावाकडची असतात. कुणी पारोळ्याचा, कुणी साक्रीचा. पगार बेताचा, महिन्याचं टार्गेट डोक्यावर आणि वरची कमाई इन्सेंटिव्हवर. इन्सेंटिव्ह नुसत्या गाडीवर मिळत नाही. शोरूममार्फत कर्ज, विमा, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, जुन्या गाडीची अदलाबदल, या सगळ्यांवर थोडं थोडं मिळतं. एवढं ठाऊक असलं की तो कुठे खरी माहिती देतोय आणि कुठे रेटतोय, ते ओळखू येतं. इंजिन, एअरबॅग, डिकी याबद्दल तो सहसा बरोबरच सांगतो. 'विमा आमच्याकडूनच घ्यावा लागतो' म्हणाला की सावध व्हायचं.

'आप्पा, मी आपलाच माणूस शे' असं अहिराणीत म्हणाला की आपण निम्मे विरघळतो. विरघळा, चहा घ्या, गावाकडची चौकशी करा. भाव मात्र कागदावरच मागा.

पहिल्या भेटीत काय सांगावं आणि काय सांगू नये?

मॉडेल, व्हेरिएंट आणि रंग सांगा. आणखी दोन ठिकाणी कोटेशन घेणार आहात, हेही मोकळेपणाने सांगा. महिन्याला किती हप्ता झेपेल, लग्नात द्यायची आहे का, कुठला मुहूर्त धरलाय आणि जुनी गाडी विकायची आहे का, हे त्या दिवशी सांगू नका. मुहूर्त कळला की सूट आटते. पोरांना पहिल्या फेरीला नेऊ नये हे उत्तम. पोरगं गाडीत बसून 'पप्पा, हीच घ्यायची' म्हणालं, की सेल्समनचं अर्धं काम झालं.

ऑन-रोड किमतीचा कागद कसा वाचायचा?

आधी एकच प्रश्न विचारायचा, 'बठ्ठं धरीसन कितलं?' (सगळं धरून किती?) आणि उत्तर बाबवार, लेखी, शिक्क्यासह मागायचं. व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर पेनाने लिहिलेला आकडा कोटेशन नसतो.

पहिली ओळ एक्स-शोरूम किंमत, म्हणजे आरटीओचा कर आणि विमा धरण्याआधीची. ती कंपनीच्या वेबसाइटवर पाहून जा. यात जीएसटी आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, आधी तो २८ टक्के अधिक सेस होता. छोटी म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. मोठ्या गाड्यांना ४० टक्के लागतो. ही कपात सरकारने केलीय. 'जीएसटी धरून एवढी सूट दिली' असं कुणी सांगत असेल, तर शोरूमने स्वतःच्या खिशातून काय सोडलं ते वेगळं विचारा.

दुसरी ओळ आरटीओ. इथे आकडे गोल करून लिहिले जातात, आणि गोल करताना ते कधी खाली येत नाहीत. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीला एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर २ टक्के जास्त. सीएनजीचा दर जुलै २०२५ पासून १ टक्क्याने वाढून ८, ९ आणि १० टक्के झाला. म्हणजे ८ लाखांच्या पेट्रोल गाडीला कर ८८ हजार. त्यावर किरकोळ उपकर, नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५०० आणि स्मार्ट कार्डाचे थोडे. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर याहून बराच जास्त. घरीच मोबाइलवर हा हिशोब करून जा. कागदावर 'आरटीओ १ लाख २ हजार' दिसलं, तर वरचे दहा-बारा हजार कशाचे, ते शांतपणे विचारा. भरलेल्या कराची पावती नंतर मिळतेच, हेही त्याच वेळी बोलून ठेवा. मग आकडा आपोआप सुधारतो.

तिसरी ओळ विमा. तिचं उत्तर खाली वेगळं दिलंय.

त्यापुढे 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'डेपो', 'फाइल चार्ज' अशी नावं येतात. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणणं हा धंद्याचा खर्च आहे, गिऱ्हाइकाचा नाही. हे पैसे द्यायचेच नाहीत. 'सगळेच घेतात' असं उत्तर आलं, तर त्याच नावाने पक्की पावती मागा. बहुतेक वेळा तेवढ्यावर ती ओळ खोडली जाते.

शेवटी अ‍ॅक्सेसरीजचा 'बेसिक किट' येतो. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप आणि एक परफ्यूमची बाटली. जळगावच्या बाजारात हे किती पडतं ते कुणालाही विचारा. पुढे लोखंडी बंपर गार्ड लावून देतो म्हणाले तर नको म्हणा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावर कारवाईचे आदेश दिले होते, शिवाय धडकेत एअरबॅगच्या कामात तो अडथळा ठरू शकतो.

गाडी १० लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमने विकतानाच गोळा करायचा आयकर, लागतो. तो सरकारजमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरल्यावर हिशोबात परत मिळतो. शेतीचंच उत्पन्न आहे म्हणून विवरणपत्र न भरणारे पुष्कळ जण हे पैसे तसेच सोडून देतात.

विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो का?

नाही. कुठल्याही कंपनीचा, कुठल्याही एजंटाकडून किंवा ऑनलाइन घेता येतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला ३ वर्षांचा आणि दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा एकदम घ्यावाच लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा घेतला तरी चालतो. बाहेरून त्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेली गाडीची किंमत), त्याच अ‍ॅड-ऑनचं एक कोटेशन काढा आणि टेबलावर ठेवा. 'बाहेरचा घेतला तर क्लेमला त्रास होतो' हे वाक्य येणारच. त्यात थोडं तथ्य आहे, शोरूमच्या वर्कशॉपचा ज्या कंपन्यांशी कॅशलेस करार आहे त्यांचं काम सोपं जातं. म्हणून आपण निवडलेली कंपनी त्या वर्कशॉपच्या यादीत आहे का, एवढं पाहायचं. बहुतेक मोठ्या कंपन्या असतात. बाहेरचं कोटेशन पाहून शोरूमनेच भाव खाली आणला, तर तिथून घ्यायलाही हरकत नाही.

आणखी एक गोष्ट सेल्समन क्वचितच आठवण करून देतो. जुन्या गाडीवर क्लेम घेतला नसेल, तर तिचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, नव्या गाडीला लावता येतो आणि तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा.

सूट केव्हा जास्त मिळते?

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा आणि आपल्याकडे आखाजी (अक्षय्य तृतीया), या दिवशी गाडी घरी आणायची हौस असते. ती हौस सेल्समनला आपल्याआधी माहीत असते. पितृपक्षात शोरूममध्ये माश्या मारत बसलेले असतात. तेव्हा जाऊन भाव ठरवा, बुकिंग करा आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांचाही मान राहतो. महिनाअखेरचे तीन-चार दिवस, मार्चअखेर आणि डिसेंबर हेही चांगले.

डिसेंबरात मोठी सूट दिसली की गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारा. जानेवारीत उचललेली गेल्या वर्षीची गाडी पुढे विकताना वर्षाने जुनी धरली जाते. दहा वर्षं वापरणार असाल तर फरक पडत नाही, उलट फायदाच. तीन वर्षांत बदलणार असाल तर ती सूट तिथेच वळती होते. बनल्याचा महिना आणि वर्ष विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये लिहिलेलं असतं.

सूट मागताना गोल बोलू नका. 'काहीतरी कमी करा' म्हटलं की सीट कव्हर मिळतं. 'धुळ्याच्या डीलरने सगळं धरून एवढ्यात लिहून दिलंय, त्यात काय करता?' असं म्हटलं की सेल्समन उठून आत साहेबांना विचारायला जातो. दोन-तीनदा जाईल. जाऊ द्या, त्याला अधिकार तेवढाच असतो. घ्यायचं नक्की झालं असेल तर सरळ साहेबांसोबतच बसा.

'आजच बुक केलं तर ही ऑफर, उद्या नाही' म्हणतात. मग?

उद्याही असते. खरी मुदत कंपनीच्या योजनेची असते आणि ती सहसा महिन्याच्या शेवटी संपते. टोकन द्यायचंच असेल तर शोरूमच्या नावाच्या खात्यावर द्या. सेल्समनच्या स्वतःच्या नंबरवर फोनपे करू नका, तो कितीही जवळचा निघाला तरी. पावतीवर व्हेरिएंट, रंग, ठरलेली एकूण किंमत, डिलिव्हरीची अंदाजे तारीख आणि रद्द केल्यास किती पैसे कापणार, हे लिहून घ्या. आणखी एक वाक्य पावतीत असतं, 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू.' त्याचा अर्थ मध्येच भाव वाढले तर आपण भरायचे. भाव कमी झाले तर काय, तेही तिथेच विचारून घ्या.

हप्त्याचं बोलणं कसं करावं?

भाव पक्का होईपर्यंत करूच नये. 'महिन्याला किती बसेल तुम्हाला?' या प्रश्नाला उत्तर दिलंत की पुढची सगळी बोलणी हप्त्यावर होतात. ५ वर्षांचं कर्ज ७ वर्षांचं केलं की हप्ता कमी दिसतो. गाडी महाग पडली हे दिसत नाही.

फ्लॅट व्याजाचं, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर लागणाऱ्या व्याजाचं उदाहरण घ्या. ८ लाख, ५ वर्षं, ८ टक्के फ्लॅट. व्याज ३ लाख २० हजार, हप्ता सुमारे १८,६७० रुपये. तेच ८ टक्के घटत्या शिलकीवर लावले तर हप्ता सुमारे १६,२२० आणि एकूण व्याज १ लाख ७३ हजारांच्या आसपास. आकडा दोन्हीकडे ८ च आहे. फ्लॅट ८ टक्के म्हणजे घटत्या पद्धतीने जवळपास १४ टक्के. म्हणून तोंडी टक्क्यांवर जाऊ नका. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात फी वगैरे धरून वार्षिक खरा दर छापलेला असतो. तो कागद आधी मागा, सही नंतर. कर्जासोबत एखादी विमा पॉलिसी चिकटवलीय का, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हेही त्याच वेळी पाहा.

आणि शोरूममध्ये जाण्याआधी आपलं खातं आहे त्या बँकेत एक चक्कर मारा. शोरूमच्या टेबलावर बसलेल्या फायनान्सवाल्याला तेवढीच स्पर्धा मिळते.

जुनी गाडी बदलून नवी घेताना फसायला होतं का?

दोन सौदे एकत्र झाले की होतं. जुनीला भाव जास्त दाखवायचा आणि नवीची सूट तेवढी कापायची, हा जुना खेळ आहे. नवीचा भाव आधी लेखी घ्या, जुनीचा विषय त्यानंतर काढा. एक्स्चेंज बोनस कंपनी देते, तो जुन्या गाडीच्या किमतीत मिसळू देऊ नका.

त्याहून मोठी जोखीम नावाची. गाडी दिली, पैसे मिळाले, पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नाव तुमचंच राहिलं आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून देऊ नका. अधिकृत जुनी-गाडी डीलर असेल तर एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९ सी ची ऑनलाइन सोय आहे. गाडी ताब्यात दिल्याची नोंद झाली की जबाबदारी डीलरकडे जाते. ती नोंद झाल्याचा कागद घेतल्याशिवाय चावी देऊ नका.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी?

आपल्या वेळेला आणि आपल्या रस्त्यावर. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. एसी तपासायचा तर दुपारी दोनला. सेल्समन संध्याकाळी सहाला बोलावतो, तेव्हा कुठलाही एसी गारच लागतो. घरात पाच माणसं असतील तर पाचही जण बसवा. धुळ्याचे असाल तर लळिंग घाटापर्यंत नेता येते का विचारा, चाळीसगावकरांना कन्नडचा घाट आहेच. गुळगुळीत हायवेवर दोन किलोमीटर नेऊन आणली, त्यातून काही कळत नाही. बैलबाजारात जोडी नुसती उभी पाहून कुणी पैसे मोजत नाही, गाडीला जुंपून पाहतात. इथेही तेच.

सुरक्षेबद्दल 'फाइव्ह स्टार आहे' म्हणाले तर कुठल्या चाचणीचे ते विचारा. भारत एनकॅप ही आपल्याकडची गाड्यांची धडक-चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे आणि त्याचे निकाल वेबसाइटवर पाहता येतात.

ट्रॅक्टरच्या सबसिडीचं सेल्समन म्हणतो, 'आधी उचला, अनुदान नंतर बघू.' खरं का?

अजिबात ऐकू नका. महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर अर्ज करायचा, निवड झाली पाहिजे, कागदपत्रं चढवायची आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची, असा क्रम आहे. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल चालत नाही. सेल्समनला ट्रॅक्टर या महिन्यात विकायचा असतो, तुमची निवड केव्हा होईल ते त्याच्या हातात नसतं. शंका असेल तर शोरूमला नाही, तालुका कृषी कार्यालयात विचारा.

ट्रॅक्टरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय. भाव विचारताना ट्रॉली आणि अवजारांचं बिल वेगळं मागा. हप्ते सहामाही घेत असाल तर ते कापूस विकला जाण्याच्या महिन्यांत पडतील अशा तारखा ठरवून घ्या. हे मागितलं की मिळतं, न मागता सहसा मिळत नाही.

दुचाकी घेताना वेगळं काही?

थोडंच. साडी गार्ड, मागच्या माणसाला धरायची कडी आणि पायदान हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीला असायलाच हवं. त्याचे 'अ‍ॅक्सेसरीज' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. खरेदीच्या वेळी हेल्मेट देणंही नियमातच आहे. नोंदणी शुल्क ३०० आणि बोजाचे ५०० रुपये.

गाडी मी घेतेय, पैसेही माझे, पण सेल्समन सगळं मिस्टरांशीच बोलतो.

हा प्रश्न शिक्षिका, नर्स आणि बचत गटातल्या ताई फार विचारतात. पहिल्यांदा मिस्टरांनी म्हणावं, 'गाडी यांची आहे, यांच्याशी बोला.' तरीही त्याची मान वळली नाही, तर दुसरा सेल्समन मागा. शोरूममध्ये महिला सेल्स एक्झिक्युटिव्ह असेल तर तिला. त्यात अवघडण्यासारखं काही नाही. 'वहिनींना ऑटोमॅटिकच सोपी पडेल' असं न विचारता सांगणाऱ्याला मॅन्युअलची टेस्ट ड्राइव्ह मागून पाहा.

नाशिकला, सुरतला किंवा बऱ्हाणपूरला स्वस्त मिळते का?

नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरचं कोटेशन जरूर काढा. राज्यात कर सगळीकडे सारखा, नोंदणी आपल्या पत्त्यावर, म्हणजे आपल्याच आरटीओच्या नंबरावर होते. मोठ्या शहरात सूट जास्त निघू शकते. ते कोटेशन दाखवून जळगावातच भाव जुळला तर सगळ्यात बरं, कारण सर्व्हिसिंगला तुम्हाला इथेच यायचंय.

नवापूर-नंदुरबारकडे गुजरातचा कर कमी म्हणून पाहुण्यांच्या पत्त्यावर गाडी घेण्याची टूम असते. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे राहिली तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. सेल्समन हे बोलत नाही. त्याचा संबंध डिलिव्हरीपर्यंतच.

रोख पैसे देऊन भाव कमी होतो का?

नाही, आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला शोरूमला बंदीच आहे. दोन पावत्या फोडून देतो म्हणाले तरी नको. आरटीजीएस करा, चालू खात्याचं नाव शोरूमच्या नावाशी ताडून.

डिलिव्हरीच्या दिवशी काय पाहायचं?

त्या दिवशी हार, पेढे, फोटो आणि घरचे सगळे असतात, तेव्हा काही पाहणं होत नाही. गाडी नावावर चढण्याआधी आणि उरलेले पैसे देण्याआधी, एक दिवस भर उन्हात यार्डात जाऊन बघा. चेसिस नंबर कागदाशी जुळतो का, रंगाला कुठे डाग आहे का, मीटरवर किती किलोमीटर, टायरवरचा चार आकडी कोड काय म्हणतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. एकदा नंबर पडला की गाडी बदलून मागणं फार अवघड. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलेली नसेल तर गाडी रस्त्यावर आणू नका.

बोलले एक, दिलं दुसरं. तक्रार कुठे?

आधी शोरूमच्या मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. फोनवर बोललेलं पुरावा म्हणून उरत नाही. सेल्समनशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप मात्र जपून ठेवा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथूनही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते, ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल करावी लागते. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते.

गाडी घेतल्यावर सेल्समन फोनच उचलत नाही. हे असंच असतं का?

बहुतेक वेळा. त्याचा पुढचा महिना सुरू झालेला असतो. पण डिलिव्हरीनंतर काही दिवसांनी कंपनीकडून 'समाधानी आहात का' म्हणून फोन येतो आणि त्याआधी सेल्समनचा येतोच, 'दादा, दहापैकी दहा द्या बरं.' त्या गुणांवर त्याचे पैसे अवलंबून असतात. दुसरी चावी, आरसी, विम्याची पॉलिसी, कराची पावती, राहिलेले मॅट, जे बाकी असेल ते त्या फोनवर मागा. संध्याकाळपर्यंत हालचाल दिसते.